बाटलीवरचा झगा

बिअरच्या बाटलीसाठी त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. बाटलीत काय आहे एवढाच मुद्दा असता, तर आम्हीही लेखणी उचलली नसती. आमचा वाद बाटलीशी नाही. तिच्यावर चिकटविलेल्या कागदाशी आहे. त्या कागदावर झगा घातलेला, गुबगुबीत गालांचा, हातात फेसाळता पेला धरलेला एक हसरा संन्यासी असतो. त्याच्या मागे मनोरा, कमानी, एखादा क्रूस आणि जुन्या हस्तलिखितांच्या वळणाची अक्षरे. ही मठातील बिअर आहे, असे ते चित्र न बोलता सांगते. आणि अशा कितीतरी बाटल्यांच्या बाबतीत ते खोटे असते. बिअर कारखान्यातली असते, कारखाना कंपनीचा असतो आणि संन्यासी चित्रकाराचा असतो.

बेल्जियमच्या मठांची ही गडद बिअर आता आपल्यालाही अपरिचित राहिलेली नाही. युरोपातून परतणारा एखादा आप्त चॉकलेटच्या डब्याबरोबर तिची ठेंगणी बाटली घेऊन येतो. मुंबई-पुण्यातही बेल्जियन धाटणीच्या बिअरला गिऱ्हाईक मिळू लागले आहे. बाटलीबरोबर एक वाक्यही आपल्या घरांत शिरते : ''ही साधीसुधी नव्हे, मठातली आहे, फादरलोकांनी केलेली!'' बारशाच्या किंवा लग्नाच्या मेजावर हे वाक्य उच्चारले की जणू पहिल्या पेल्याला पापमुक्ती मिळते आणि दुसऱ्याला आशीर्वाद. उलट बाजूस काही मंडळी नाक मुरडतात : ''संन्याशांनी दारू गाळावी? शोभते काय?'' (बिअर गाळीत नाहीत, आंबवितात, पण ते असो.) पहिल्या पक्षाला निमित्त हवे असते, दुसऱ्याला टीकेचे साधन. मठ म्हणजे काय, त्याचा नियम काय आणि बाटलीवरच्या चित्राला तो लागू आहे की नाही, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारीत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मठाच्या बिअरचे मोल तिच्या चवीत नाही. ज्या नियमाखाली ती तयार होते व विकली जाते, त्या नियमात आहे. जेथे तो नियम नाही, तेथे मठाचे नाव आणि संन्याशाचे चित्र लावण्याचा अधिकार कोणालाही नसावा. आणि आपण कॅथलिकांनी तर त्या चित्राला भुलून एक पैसाही देऊ नये.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तीन प्रकरणांवर ही सगळी परंपरा उभी आहे. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात ते सांगतात की, स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगणारा तोच खरा मठवासी. चाळिसाव्या प्रकरणात पेयाचे माप ठरविले आहे : दररोज प्रत्येकी एक 'हेमिना', म्हणजे सुमारे पाव लिटर द्राक्षारस. हे मापही संतांनी नाराजीनेच मंजूर केलेले दिसते. मठवासीयांनी द्राक्षारस घेऊच नये हे उत्तम, परंतु आजकालच्या मठवासीयांना ते पटत नाही, तेव्हा निदान तृप्तीच्या अलीकडे थांबावे, असा त्यांचा सूर आहे. सत्तावन्नावे प्रकरण कारागिरांविषयी आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. ज्याला आपल्या कसबाचा गर्व चढेल, त्याच्याकडून ते काम काढून घ्यावे. आणि मठात तयार झालेल्या वस्तू विकताना बाहेरच्या लोकांपेक्षा किंचित कमी दर लावावा, म्हणजे लोभाला दार उघडे राहणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीची ही व्यापारनीती आजच्या कोणत्या जाहिरात कंपनीला मानवेल?

उत्तर युरोपात द्राक्षवेली नीट येत नाहीत. जव मात्र येतो. म्हणून तेथील मठांत द्राक्षारसाची जागा बिअरने घेतली. १०९८ साली फ्रान्समधील सितो येथे बेनेडिक्टच्या नियमाचे काटेकोर पालन करण्यासाठी एक नवा मठ स्थापन झाला. त्यातून सिस्टर्सियन संघ उभा राहिला. पुढे १६६४ साली नॉर्मंडीतील ला त्राप मठात आर्मां-जाँ द रान्से यांनी आणखी कडक सुधारणा केल्या. मौन, श्रम, मांसवर्ज्य आहार, पहाटेपूर्वीची प्रार्थना. या मठाच्या नावावरून 'ट्रॅपिस्ट' हे नाव रूढ झाले. फ्रेंच राज्यक्रांतीने मठ उद्ध्वस्त केले, संन्यासी परागंदा झाले, आणि त्यांतील काहींनी १७९४ साली अँटवर्पजवळ वेस्टमाले येथे आश्रय घेतला. १८३६ साली या मठाला पूर्ण मठाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला तेथील मठवासीयांनी स्वतः तयार केलेली बिअर प्रथम जेवणाच्या मेजावर घेतली. १८५६ साली त्यांनी गडद बिअर केली. १८६१ पासून मठाच्या दाराशी ती थोडीथोडी विकली जाऊ लागली. फ्रान्सच्या सीमेजवळील स्कूरमाँ येथे १८५० साली मठ उभा राहिला आणि १८६२ साली त्याचा बिअर कारखाना. ती बिअर 'शिमे' या नावाने ओळखली जाते. विक्रीमागे दोनच हेतू होते : मठाचा चरितार्थ आणि गरजूंना मदत.

या बिअरला इतका जोर कोठून आला, यालाही इतिहास आहे. १९१९ साली बेल्जियमच्या संसदेने मंत्री एमिल व्हान्डरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने एक कायदा केला व पेयगृहांत कडक मद्य विकण्यास बंदी घातली. लोकांना मद्यापासून सोडविण्याचा हेतू चांगला होता; परंतु गिऱ्हाईक जिन सोडून जोरकस बिअरकडे वळले. १९२६ साली वेस्टमालेच्या गडद 'डुबेल'चा मद्यार्क वाढविण्यात आला. 'डुबेल' म्हणजे दुहेरी. या बिअरमध्ये सुमारे ७ टक्के मद्यार्क असतो. रोशफोर मठाच्या '१०' क्रमांकाच्या बिअरमध्ये तो ११.३ टक्के आहे, म्हणजे आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरपेक्षाही बराच अधिक.

ही बिअर आम्ही बेल्जियममध्येच चाखली आहे, आणि तिची चव नाकारून आमचा युक्तिवाद बळकट करण्याची आम्हांला गरज वाटत नाही. ती बर्फासारखी थंड करून पीत नाहीत. दहाबारा अंशांच्या आसपास, रुंद तोंडाच्या व जाड देठाच्या पेल्यात ओततात. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून शेवटचे बोटभर पेय बाटलीतच राहू देतात. रंग लालसर तपकिरी. उजेडाकडे पेला धरला की माणकाची झाक दिसते. वर सायीसारखा दाट फेस. वास घ्यावा तर मनुका, खजूर, सुके अंजीर, किंचित अधिक पिकलेले केळे, मागाहून लवंग आणि भाजलेल्या पावाचा कडा. जिभेवर प्रथम काकवीचा गोडवा येतो. तो चिकटेल असे वाटत असतानाच चव कोरडी होते, अगदी शेवटी हलका कडूपणा राहतो आणि घशाखाली ऊब उतरते. घोट लहान घ्यावा लागतो. तिची घाई करता येत नाही.

नवल असे की, यांतील बहुतेक गोष्टी बिअरमध्ये घातलेल्याच नसतात. खजूर नाही, केळे नाही, लवंग नाही. गडद रंग येतो तो मुख्यतः साखरेच्या पाकातून. बीटची साखर करपण्याच्या अलीकडे येईपर्यंत शिजवितात आणि तो काळसर पाक उकळत्या रसात मिसळतात. ही साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. म्हणून इतका जोर असूनही बिअर अंगाला जड लागत नाही. फळांचा व लवंगेचा वास हेही यीस्टचेच काम, विशेषतः जरा उबदार तापमानात आंबविल्यावर. नंतर बाटलीत पुन्हा थोडी साखर व यीस्ट घालून ती काही आठवडे उबदार खोलीत ठेवतात, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते. शिमे मठाचे फादर थिओडोर यांनी लूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक जाँ द क्लर्क यांच्या साहाय्याने १९४८ साली मठाच्या यीस्टचा शुद्ध वाण वेगळा काढला. विज्ञान आणि व्रत यांचे तेथे भांडण नव्हते.

येथेच आमच्या विरोधकांचा पहिला आक्षेप उभा राहतो. ते म्हणतात, ''मठाबाहेरच्या कंपनीनेही हुबेहूब अशीच बिअर केली, तर बिघडले कोठे?'' कंपनीला तशी बिअर करता येते, हे आम्ही मान्य करतो. पश्चिम फ्लँडर्समध्ये वेस्टफ्लेटरेन येथे १८३१ साली स्थापन झालेला सेंट सिक्स्टस मठ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मठाने आपला व्याप आटोपता ठेवण्याचे ठरविले आणि आपली बिअर तयार करून विकण्याचा परवाना जवळच्या वाटू गावातील एका उत्पादकाला दिला. हाच पुढचा सेंट बर्नार्डस कारखाना. १९९२ साली परवाना संपला. कारण ट्रॅपिस्ट बिअर मठाच्या आवारातच तयार झाली पाहिजे, असा आग्रह मठांनी धरला. सेंट बर्नार्डसची गडद बिअर आजही मिळते, तिचा मद्यार्क १० टक्के. वेस्टफ्लेटरेनच्या '१२' क्रमांकाच्या बिअरचा १०.२ टक्के. दोन्हींपैकी श्रेष्ठ कोणती, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

या उदाहरणावरून आम्ही उलट निष्कर्ष काढतो. जिभेला फरक कळत नाही, म्हणूनच लेबलाने खरे बोलले पाहिजे. दूध पाणीदार असेल तर जीभ सांगते. पेय कोणी केले, कोणासाठी केले आणि त्याचा पैसा कोठे गेला, हे जीभ कधीच सांगू शकत नाही. ती साक्ष केवळ कागद देतो. आणि खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली, ती काही न्यायालयापुरती नव्हती.

मठवासीयांना या साक्षीसाठी खरोखरच न्यायालयात जावे लागले. एका खासगी उत्पादकाने आपल्या बिअरला 'ट्रॅपिस्ट' म्हटले, तेव्हा प्रकरण गेंट येथील व्यापारी न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी १९६२ रोजी निकाल लागला की, हा शब्द बिअरचा प्रकार दाखवीत नसून तिचे उगमस्थान दाखवितो. पुढे १९९७ साली बेल्जियमचे सहा, नेदरलँड्सचा एक व जर्मनीचा एक अशा आठ मठांनी आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संस्था स्थापन केली आणि षट्कोनी मुद्रा निश्चित केली. तिच्या अटी तीन. उत्पादन मठाच्या भिंतींच्या आत किंवा लगत व्हावे; ते मठवासीयांनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली करावे; आणि मिळकत मठाच्या गरजा व परोपकार यांसाठी खर्च व्हावी. या अटी केवळ शोभेच्या नाहीत. नेदरलँड्समधील कोनिंग्सहूव्हेन मठाने १९९९ साली एका मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा त्याला मुद्रा गमवावी लागली. कराराची फेररचना झाल्यावर २००५ साली ती परत मिळाली.

'ट्रॅपिस्ट' हा शब्द अशा रीतीने वाचला. 'अ‍ॅबे' हा शब्द मात्र उघड्यावर राहिला. बेल्जियमच्या बिअर उत्पादक संघाने १९९९ साली 'मान्यताप्राप्त बेल्जियन मठ-बिअर' अशी दुसरी मुद्रा काढली. तिच्यासाठी एखाद्या मठाशी खरा संबंध लागतो, मठाला किंवा त्याच्या सत्कार्याला मोबदला द्यावा लागतो, आणि जाहिरातीवर मठाला काही अधिकार असतो. एवढीही व्यवस्था स्वागतार्हच. परंतु ती घेणे ऐच्छिक आहे. आणि जगभर 'बेल्जियन धाटणीची मठ-बिअर' म्हणून जे विकले जाते, त्याला तीही लागू नाही. तेथे संताचे नाव कोणीही घ्यावे, मनोरा कोणीही काढावा.

मुद्रा असलेल्या बाटलीचीही गोष्ट पाहू. दिनांजवळचा लेफ मठ ११५२ सालचा, नॉर्बर्टाइन संघाचा. पैशाची चणचण असताना १९५२ साली तेथील मठाधिपती नीस यांनी लोटवूट नावाच्या बिअर उत्पादकाशी करार केला. नाव मठाचे, काम कारखान्याचे, मठाला मोबदला. कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि आज ही बिअर जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीची असून लूव्हेन शहरातील मोठ्या कारखान्यात तयार होते. मठाधिपतींना आम्ही दोष देणार नाही. गळके छप्पर त्यांच्या डोक्यावर होते, आमच्या नव्हे. पण ज्या मनुष्याने ती बाटली दुकानातून उचलली, त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पोलादी टाक्यांच्या रांगा, की मेणबत्तीच्या उजेडात पेल्याकडे पाहणारे ब्रदर? कंपनीला याचे उत्तर पक्के ठाऊक आहे; म्हणूनच ती मोबदला देते.

''मठाला पैसे मिळतात ना? मग तक्रार कसली?'' हा दुसरा आक्षेप. मोबदल्याने नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळतो. चित्र खरे होत नाही. ''पण बिअर उत्तम आहे,'' हा तिसरा. मग ती आपल्या नावाने विकावी. बेल्जियममधील एका प्रसिद्ध बिअरचे नाव 'डुव्हेल' आहे, त्या शब्दाचा अर्थ सैतान. सैतानाच्या नावानेही बिअर भरपूर खपते. तेव्हा धंद्यासाठी झगाच हवा, असे कोणी सांगू नये. ''ट्रॅपिस्टांकडेही पगारी कामगार आहेत,'' हा चौथा, आणि तो सर्वांत वजनदार. होय, आहेत, मोठ्या मठांत बहुतेक काम तेच करतात. शिमेची बिअर बाटल्यांत भरण्याचे काम तर मठापासून काही किलोमीटरवरील बायलू गावात चालते. तथापि प्रत्येक बाटली संन्याशाच्याच हाताने भरली जावी, असे आमचे म्हणणे नाही. किती करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे. कंपनीत ते भागधारक ठरवितात, आणि थांबणे हा शब्द त्यांच्या हिशेबात बसत नाही. मठात ते मठाधिपती व त्यांचे बंधू ठरवितात.

ते कसे ठरवितात, हे २००५ साली जगाने पाहिले. बिअरच्या शौकिनांनी वेस्टफ्लेटरेनच्या '१२' ला जगातील सर्वोत्तम बिअर ठरविले. वृत्तपत्रे धावली, मठाच्या दारापुढे मोटारींच्या रांगा लागल्या, साठा संपला. अशा वेळी कोणत्याही व्यापाऱ्याने काय केले असते? टाक्या वाढविल्या असत्या, नाही तर भाव. मठवासीयांनी दोन्ही केले नाही. आम्ही जगण्यासाठी बिअर करतो, बिअर करण्यासाठी जगत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते. गिऱ्हाइकाने आधी नोंदणी करावी, ठराविक पेट्याच न्याव्यात आणि पुढे चढ्या भावाने विकू नयेत, असा त्यांचा नियम. मठाच्या इमारतीसाठी पैसा हवा होता, तेव्हा त्यांनी २०११-१२ मध्ये एकदाच ही बिअर बाहेरच्या दुकानांत विकली. गरज भागली, विक्री थांबली. २०१८ साली एका डच दुकानसाखळीने मठाची परवानगी न घेता त्याच बाटल्या जवळजवळ १० युरोंना एक या भावाने मांडल्या, तेव्हा मठाने जाहीर नाराजी व्यक्त केली. मठाच्या दाराशी त्याच बाटलीला तिच्या निम्मेही पैसे पडत नसत. सत्तावन्नावे प्रकरण तेथे अजून जिवंत आहे. '१२' क्रमांकाच्या त्या बाटलीवर वर्षानुवर्षे लेबलच नसे. आवश्यक तेवढा मजकूर झाकणावर छापलेला असे. ज्यांच्याकडे खरा झगा होता, त्यांना तो कागदावर काढण्याची गरज भासली नाही!

आमच्या मनातील खरे दुःख याच्याही पलीकडचे आहे. बेल्जियममधील आखेल मठात बिअर होत असे. पाचारण स्वीकारणारे तरुण येईनासे झाले. २०२१ साली तेथे मठवासी उरले नाहीत, आणि त्या बिअरची ट्रॅपिस्ट मुद्रा गेली. २०२३ साली मठाची वास्तू व कारखाना एका खासगी उद्योजकाच्या हाती गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील स्पेन्सर मठाने सुरू केलेला त्या देशातील पहिला ट्रॅपिस्ट बिअर कारखाना २०२२ साली बंद पडला. बेल्जियममध्ये मुद्राधारी बिअर करणारे मठ आता पाचच : वेस्टमाले, वेस्टफ्लेटरेन, शिमे, ऑर्व्हाल आणि रोशफोर. मठ रिकामे होत असताना दुकानांच्या फळ्यांवर मात्र हसऱ्या संन्याशांची गर्दी वाढते आहे. ज्या जगाला मौन नको, आज्ञापालन नको, पहाटे चारची प्रार्थना नको, त्याला संन्याशाचे चित्र मात्र हवे आहे. उद्या शेवटचा मठ बंद झाला, तरी बाटलीवरचा ब्रदर तसाच हसत राहील. कारण त्याला ना भूक, ना म्हातारपण, ना व्रत. एका जिवंत पाचारणाची जागा त्याच्या व्यंगचित्राने घ्यावी आणि आपण त्या व्यंगचित्राला कौतुकाने टाळी द्यावी, हे आम्हांला सोसत नाही. ग्रिम्बेर्गेनच्या मठात २०२१ साली, दोन शतकांहून अधिक काळानंतर, आवारातच पुन्हा लहानसा बिअर कारखाना सुरू झाला व तेथील फादर कारेल स्टाउतेमास यांनी स्वतः त्या कामाचे शिक्षण घेतले. बाकीचा मोठा व्यवहार अजून कंपन्यांच्याच हाती आहे. तरी चित्राकडून माणसाकडे टाकलेले हे एक पाऊल आहे, आणि त्याची आम्ही नोंद घेतो.

आता थोडे आपल्या मेजाकडे. ''मठातली आहे'' म्हणून दुसरा पेला भरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गडद, जोरकस बिअर प्रामुख्याने विक्रीसाठी असते. मठवासीयांच्या स्वतःच्या मेजासाठी वेस्टमाले व शिमे येथे हलकी बिअर करीत आले आहेत, ४.८ टक्क्यांच्या आसपासची, तीही मोजकी. गुबगुबीत गालांचा पिणारा संन्यासी ही लेबलाची निर्मिती आहे. पेल्यामुळे घरात काय काय होते, हे आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ माताभगिनींना कोणी शिकवावयास नको. त्यांच्या अश्रूंवर बेल्जियमच्या मठाची मुद्रा उमटवून काही साध्य होणार नाही. संत बेनेडिक्टच्या नावाने पेला उचलावयाचा असेल, तर त्यांचे माप आणि त्यांची नाराजीही त्या पेल्याबरोबर उचलावी.

आणि नाक मुरडणाऱ्यांना आम्ही केरळात वागमणजवळच्या कुरिशुमला आश्रमाची आठवण करून देऊ. १९५८ साली तो स्थापन करणारे फादर फ्रान्सिस माहियू, अर्थात फ्रान्सिस आचार्य, हे बेल्जियन होते. आणि ते मूळचे स्कूरमाँ मठाचे, म्हणजे ज्या मठाची 'शिमे' बिअर जगभर जाते, त्याच मठाचे संन्यासी. केरळच्या त्या डोंगरावर त्यांनी बिअरचा कारखाना काढला नाही. तेथील माणसांना काय उपयोगी पडेल ते पाहिले, गाई पाळल्या आणि दुधाचा व्यवसाय उभा केला. अंगावर काषाय वस्त्रे घेतली. नियम तोच, श्रम तेच, व्रत तेच. फक्त पदार्थ बदलला. यावरून काय दिसते? मठाला बिअरची गरज नसते, श्रमाची असते. जो पदार्थ प्रामाणिक श्रमातून येतो व लोभाला आवर घालून विकला जातो, तो दुधाचा असो वा जवाचा, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

सारांश, आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कंपन्यांनी बिअर कोठे व कोणी तयार केली, हे मठाच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरांत छापावे. ज्या मठाशी संबंध नाही, त्याचे चित्र काढू नये. जो मठ कधी नव्हताच, त्याचा शोध लावू नये. मठांच्या वरिष्ठांनी आपले नाव भाड्याने देताना झगा भाड्याने देऊ नये. आणि वाचकहो, आपल्या हाती अशी बाटली आलीच, तर पुढच्या चित्राला क्षणभर बाजूला सारून ती उलटी फिरवावी व मागची बारीक अक्षरे वाचावीत. मठ खरा असेल, तर त्या माणसांसाठी आणि त्यांच्या मागे येणाऱ्या, अजून न आलेल्या तरुणांसाठी एक प्रार्थना करावी. खोटा असेल, तर बिअरला बिअर म्हणावे, तिची किंमत बिअरचीच मोजावी, आणि घरातल्या मुलांना सांगावे की, हा कागदावरचा मनुष्य आपल्यापैकी कोणी नव्हे.